फुकटच्या खेळाचा हिशेब

पूर्णेच्या बाजारपेठेत गिऱ्हाईक आधी भाव विचारते, मग माल घेते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या ऑनलाइन खेळात हा क्रम उलटा आहे. २८ सप्टेंबर २०२० रोजी आलेला हा चिनी कंपनीचा अद्भुतरम्य खेळ नवख्याला प्रथमदर्शनीच मोहात पाडतो. विस्तीर्ण कुरणे, मधुर संगीत, ताटातूट झालेल्या जुळ्या भावंडाचा शोध. आणि प्रवेशशुल्क काहीच नाही.

भाव मागाहून कळतो. नवी पात्रे बहुधा सोडतीतून मिळतात. रुपये देऊन ‘जेनेसिस क्रिस्टल’ घ्यायचे, त्यांचे ‘प्रायमोजेम’ करायचे आणि १६० प्रायमोजेम मोडून सोडतीची एक संधी मिळवायची. पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता दर संधीस अवघी ०.६ टक्के. ९० संधींत एकाची हमी असते. पण ते हवे तेच असेल असे नाही. ९० संधी म्हणजे १४,४०० प्रायमोजेम! खेळता खेळता काही प्रायमोजेम मिळतात हे खरे. परंतु चलन दोनदा पालटले की खर्चलेले रुपये नजरेआड होतात.

याच गुंतागुंतीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे आणि पालकांच्या संमतीविना १६ वर्षांखालील मुलांना अशी विक्री न करण्याचे मान्य केले.

पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या खेळातही बहीण भावाला शोधते. तेथे मात्र किंमत आधीच ठरलेली असते.

पालकांनी मोबाइलवरील खरेदीला पासवर्ड लावावा. मग १४,४०० प्रायमोजेमचे रुपये किती, हे मुलालाच वहीत मांडू द्यावे. जमाखर्चाच्या घरात वाढलेल्या मुलाला ते अवघड नाही.