आज रोख, उद्या यंत्र

किराणा दुकानात पूर्वी एक पाटी हमखास असे : ‘आज रोख, उद्या उधार’. त्या पाटीतला ‘उद्या’ कधीच उगवत नाही, हे दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही ठाऊक असे. म्हणून तिच्यात फसवणूक नव्हती. गेल्या महिन्यात माझा भाचा इचलकरंजीहून आला आणि त्याने मोबाइलवर एक पावती दाखवली. तिच्यातला ‘उद्या’ मात्र त्याने खरा मानला होता.

भाच्याची यंत्रमागांची शेड आहे. धंद्यात मंदी, बारा मागांपैकी पाच बंद. कोणीतरी त्याला सुचवले, रिकाम्या जागेत बिटकॉइनचे ‘खाणकाम’ करणारी यंत्रे बसव. कामगार नको, सूत नको, दिवसरात्र चालतात. चार यंत्रांची किंमत बारा लाख. त्याचे दहा टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार रुपये, त्याने नोंदणीचे म्हणून भरले. नवे मॉडेल, पहिली खेप, दोन महिन्यांत पोच, असा वायदा होता. आता पाचवा महिना चालू आहे. विक्रेत्याचा निरोप असा, की यंत्रे बंदरात आली आहेत, उरलेली रक्कम भरा, लगेच सोडवून देतो.

‘मामा, भरू का?’ एवढे विचारायला तो आला होता.

विक्रेता लबाडच आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो अडचणीत आलेला प्रामाणिक माणूसही असेल. पण या व्यवहाराचा जसजसा विचार केला, तसतसे मला वाटू लागले, की या एका वस्तूच्या बाबतीत लबाडी आणि दिरंगाई यांत गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. लबाडी सिद्ध होईपर्यंत गप्प बसणे शहाणपणाचे, हा आपला नेहमीचा संकेतही इथे उपयोगाचा नाही.

तसे का, हे समजून घ्यायचे तर यंत्र काय करते ते पाहावे लागेल. बिटकॉइनच्या जाळ्यात साधारण दर दहा मिनिटांनी नोंदींचा एक गठ्ठा बंद होतो, आणि तो बंद करण्यासाठी लागणारा आकडा ज्याच्या यंत्राला आधी सापडेल त्याला ठरावीक नाणी मिळतात. आकडा युक्तीने सापडत नाही, धडाधड अंदाज करत राहावे लागते. २०१२च्या नोव्हेंबरपर्यंत गठ्ठ्यामागे ५० नाणी मिळत, मग २५. एप्रिल २०२४ पासून ३.१२५. म्हणजे आजघडीला साऱ्या जगात मिळून दिवसाकाठी सुमारे ४५०. यंत्रे दुप्पट झाली म्हणून नाणी दुप्पट होत नाहीत. दर २,०१६ गठ्ठ्यांनी, म्हणजे साधारण पंधरवड्याने, कोडे तेवढे अवघड केले जाते. पंगतीत बासुंदीचे पातेले एकच, आणि पाने वाढतच चाललेली. उशिरा पाटावर बसणाऱ्याच्या वाटीत किती येणार?

माग सहा महिने उशिरा आला तर सहा महिन्यांचे कापड बुडते, पण आल्यावर तो ठरलेले तेवढे वार विणतोच. बजाज चेतकसाठी आपल्यापैकी कितीकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली! नोंदणीची चिठ्ठी वर पैसे घेऊन विकणारेही होते. पण दारात आलेली स्कूटर वाट पाहण्याने जुनी झालेली नसे. खाणकामाचे यंत्र मात्र खोक्यात बंद असतानाच म्हातारे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या कोड्याच्या काठिण्याचा आकडा सुमारे ३० लाख होता. २०१४ उजाडताना तो १०० कोटींच्या पुढे गेला होता. या मधल्या सव्वा वर्षात ज्याने यंत्राची वाट पाहिली, त्याच्या यंत्राची मिळकत नाण्यांत मोजली तर शेकडो पटींनी घटली.

नेमक्या याच काळात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात बटरफ्लाय लॅब्ज नावाची कंपनी आगाऊ नोंदणी घेत होती. जून २०१२ पासून तिने १४९ डॉलरपासून २९,८९९ डॉलरपर्यंतच्या यंत्रांचे पैसे आधीच घेतले. पोच देणार होती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार सप्टेंबर २०१३ पर्यंत २० हजारांहून अधिक ग्राहकांच्या हाती यंत्र पडलेले नव्हते. ऑगस्ट २०१३ मध्ये तर, जुन्या मागण्या तुंबलेल्या असताना, कंपनीने आणखी वेगवान यंत्राची नोंदणी ४,६८० डॉलरला सुरू केली. ग्राहकांची यंत्रे पाठवण्याआधी कंपनीने ती स्वतःसाठीच चालवून घेतली, असाही कमिशनचा आरोप होता. सप्टेंबर २०१४ मध्ये कमिशन न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोड झाली. हुकूमनाम्याची रक्कम ३ कोटी ८६ लाख डॉलर. पण कंपनीने १५ हजार आणि तिच्या एका प्रमुखाने ४ हजार डॉलर भरले, की बाकीची वसुली स्थगित. हे आकडे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ज्याच्याकडून काही निघण्यासारखे नाही, त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा भिंतीवर लावायला बरा.

सगळेच आगाऊ नोंदणीवाले असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. अ‍ॅव्हलॉन या चिनी यंत्राची पहिली खेप जानेवारी २०१३ अखेर खरोखरच पोचू लागली. ज्यांना ती मिळाली त्यांचे भले झाले, आणि त्यांच्या कहाण्यांनीच पुढच्या रांगा लांबवल्या. कॅलिफोर्नियातल्या हॅशफास्ट कंपनीने २०१३च्या ऑक्टोबरचा वायदा केला, तो मोडला आणि २०१४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. टेक्सासची कॉइनटेरा जानेवारी २०१५ मध्ये त्याच वाटेने गेली. या दोघींकडे अभियंते होते, चिपचे खरे आराखडे होते, म्हणजे हेतू शुद्ध असावा. ग्राहकाला त्याचा काय उपयोग? हॅशफास्टच्या अनेक ग्राहकांनी पैसे बिटकॉइनमध्येच भरले होते. २०१३च्या ऑगस्टमध्ये शंभर डॉलरच्या आसपास असलेले नाणे नोव्हेंबरअखेर हजारावर गेले. नाणे खणण्यासाठी नाणे देऊन बसलेल्या त्या बापड्यांनी काहीच न करता ते जवळ ठेवले असते, तर बरे झाले असते.

आपल्याकडे खाणकामाच्या नावाखाली यंत्रही न दाखवता पैसे गोळा झाले. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत महिन्याला १० टक्के दराने अठरा महिने परतावा मिळेल, असे सांगितले गेले. पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. २०२२ मध्ये तो मरण पावला, आणि २०२३ अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे गेले. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबडीचे प्रकरण उघडकीस आले, ते तर भाच्याच्या घरापासून फार दूर नाही. मी त्याला तेच विचारले : कोंबडी जर सोन्याचे अंडे देते, तर हा ती आपल्याला का विकतो आहे?

त्यावर त्याच्याकडे उत्तर होते. ‘मामा, त्यांच्याकडे वीज महाग आहे, आपल्याकडे सवलत आहे.’ ही सवलत यंत्रमागासाठी आहे. त्या जोडणीवर दुसरेच काही चालवणे हा वीज कायद्याने अनधिकृत वापर ठरतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. साडेतीन किलोवॉटचे एक यंत्र दिवसाला ८४ युनिट खाते. दहा रुपये युनिट धरले तरी महिन्याला पंचवीस हजार, आणि अशी चार. शिवाय २०२२ पासून या मिळकतीवर ३० टक्के कर आहे; खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च नाण्याच्या खरेदीखर्चात धरता येणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेत सांगितले. हा हिशेब आम्ही त्याच्या वहीत, पाठच्या पानावर मांडला. तो बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला.

मग मी पावती नीट पाहिली. पैसे कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात गेलेले. जीएसटीचे बिल नाही. ठरल्या दिवशी यंत्र न आल्यास पैसे परत, असे एक वाक्य नाही. ‘बंदरात आलेल्या’ मालाचे बिल ऑफ एंट्री मागितले, तर ‘विश्वास नसेल तर नोंदणी रद्द करा, टोकन बुडेल’ असे उत्तर. खरा माल दाखवायला एवढा राग का यावा? चालू यंत्र दाखवा, माल ताब्यात घेताना पैसे देतो, असे त्याने माझ्यासमोर लिहून पाठवले. उत्तर आले नाही.

त्याच विक्रेत्याकडे गावातल्या आणखी तिघांनी पैसे भरले आहेत. त्यांचा मोबाइलवर एक गट आहे. एकाने तिथे तारखेबद्दल विचारले, तर त्याला गटातून काढून टाकले. आणि काढा म्हणणाऱ्यांत पैसे अडकलेलेच पुढे होते. मला याचे नवल वाटले नाही. पैसे दिल्यावर माणूस विक्रेत्याची बाजू स्वतःची म्हणून लढवतो, कारण संशय मान्य केला तर आपण फसलो हेही मान्य करावे लागते. भाच्याची अडचण निराळी होती. ‘उगाच बदनामी झाली आणि उद्या यंत्रे आलीच, तर तोंड कुठे दाखवू?’

त्याला म्हटले, लबाड हा शब्द वापरूच नकोस. किती भरले, कोणाच्या खात्यात, कोणती तारीख दिली होती, आज कोणती तारीख आहे, कोणता कागद मागितला आणि काय उत्तर आले, एवढेच सांग. ही तुझी स्वतःची हकीकत आहे. तक्रार १९३० या क्रमांकावर आज नोंदव. पैसे जाऊन पाच महिने झाले, फार आशा नाही, पण नोंद राहील. पावती घेऊन ग्राहक आयोगाकडेही जाता येईल. पण त्या तिघांना कळवणे त्याच्याही आधी, कारण त्यांच्या उरलेल्या नव्वद टक्क्यांची मुदत सोमवारची आहे.

तो अंगणात गेला आणि त्याने पहिला फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट चालू असावा. ‘भरू नकोस, थांब’ हे त्याला दोनदा ओरडून सांगावे लागले.