रक्त आधी की सही आधी?

फार्मसी, होमिओपॅथी, आयुर्वेदाचे निकाल लागले की ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. "ताई, आमची मुलगी सीआरए व्हायचं म्हणते. लाइन चांगली आहे ना?" लाइन चांगलीच आहे, मी त्यात बरीच वर्षं काढली. पण आईबाबांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट घालून नवं औषध शोधणारी लेक असते, आणि लेकीच्या डोळ्यांपुढे विमानप्रवास नि हिंजवडीतली काचेची इमारत. दोघांनाही सांगावं लागतं, बाई, ही कागद वाचायची नोकरी आहे.

क्लिनिकल रिसर्च असोसिएट म्हणजे औषधचाचणीचा मॉनिटर. चाचणी रुग्णालयात चालते आणि डॉक्टर करतात. मॉनिटर औषध कंपनीचा, नाहीतर तिने चाचणीचं काम सोपवलेल्या संस्थेचा, म्हणजे सीआरओचा, माणूस. दर काही आठवड्यांनी तो 'साइट'वर जातो, मिळेल त्या कोपऱ्यात बसतो आणि केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा हिशेब, फ्रिजच्या तापमानाचा तक्ता हे सगळं कॉम्प्युटरात भरलेल्या माहितीशी ताडून बघतो. रुग्णाला तो तपासत नाही. रुग्णाचं नावसुद्धा त्याच्या रिपोर्टमध्ये येत नाही, येतो फक्त क्रमांक.

आधी हातात घ्यायचं ते संमतिपत्र. सहीशेजारची तारीख आणि वेळ बघायची, मग लॅबच्या स्लिपवर रक्त कधी घेतलं ते बघायचं. सही सव्वादहाची आणि चाचणीसाठीचं रक्त पावणेदहाचं निघालं, की तिथेच थांबायचं. "अर्ध्या तासाने असं काय बिघडलं?" हे डॉक्टर विचारतात, आणि बरेचदा मनापासून विचारतात, कारण बाहेर ओपीडी तुंबलेली असते. बिघडतं ते असं की, हात पुढे करून रक्त देऊन बसलेला माणूस नंतर सहीला नाही म्हणत नाही. आपल्याकडे तर आधीच 'डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं' म्हणणारे जास्त. नाही म्हणायची सवड त्याला मिळाली होती का, एवढंच त्या दोन वेळांवरून शोधायचं असतं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा असेल तर तटस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार चाचणीच्याच टीममधला चालत नाही. कागदाची प्रत रुग्णाच्या हातात दिल्याची नोंद लागते.

आपल्या संमतिपत्रात आणखी एक रकाना असतो, नॉमिनीच्या नावाचा. तो रिकामा दिसला तर नवखा मॉनिटर किरकोळ म्हणून पान उलटतो. चाचणीमुळे माणूस दगावला तर भरपाई कोणाला द्यायची, ते त्या रकान्यात लिहायचं असतं. भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. मूळ रक्कम ८ लाख, आणि पुढचा हिशेब वय व आजाराची गंभीरता यांवर. म्हणून तो रकाना रिकामा ठेवून मी कधी पुढे जाऊ दिलं नाही, आणि त्यापायी 'कटकटी बाई' हे बिरुदही मिळवलं.

हे नियम कोणा हौशी अधिकाऱ्याने बसून लिहिलेले नाहीत. आपल्यावर चाचणी चालली आहे हे रुग्णांना धड ठाऊकच नव्हतं, अशा तक्रारी साचत गेल्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले, संमती घेतानाचं चित्रीकरण आलं, आणि २०१९ मध्ये नव्या औषधांचे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम झाले. मधल्या काळात चाचण्यांच्या परवानग्या घटल्या, कंपन्या बिचकल्या आणि माझ्या बरोबरीच्या काहींनी क्षेत्रच सोडलं. तरी माझं मत असं की, या कामाला वजन आलं ते त्यानंतरच.

अवघड जागा वेगळीच आहे. पगार कंपनीचा, रुग्णभरतीचा तगादा कंपनीचा, आणि रिपोर्टमध्ये लिहायचं ते कंपनीला नको असलेलं. एका साइटवर प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब प्रत्येक भेटीत १२०/८० असतो. (इतकं निरोगी गाव असतं तर आम्ही तिथे औषधाची चाचणी करायला कशाला गेलो असतो?) ते लिहिलं की साइट नाराज, प्रोजेक्ट मॅनेजर नाराज. ज्याला सगळ्यांशी गोड राहायचं आहे त्याने मार्केटिंगला जावं.

आता शिरकाव कसा करायचा, ते. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले डिप्लोमे गल्लोगल्ली आहेत, त्यांत घरचे पैसे ओतण्याआधी दहादा विचार करा. जीसीपीचं, म्हणजे औषधचाचण्या कशा करायच्या याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं, प्राथमिक प्रशिक्षण ऑनलाइन फुकट मिळतं. मुलाखतीत विचारतात तो साइटचा अनुभव, आणि तो वर्गात मिळत नाही. तो मिळतो रुग्णालयात को-ऑर्डिनेटर म्हणून. आजीबाईंना मराठीतून चाचणी समजावून सांगणं, फॉलो-अपला न आलेल्याला फोन करणं, रक्ताच्या नळ्या ड्राय आइसमध्ये भरून कुरिअरला देणं, एथिक्स कमिटीच्या फायली लावणं. पगार बेताचा. "एवढं शिकून फायलीच लावायच्या?" हे घरून ऐकावं लागतं. पण चूक नेमकी कुठे आणि का होते, हे ज्याच्या हातून ही कामं गेली आहेत त्याला बसल्या जागी कळतं.

कोविडनंतर बरीच पडताळणी ऑफिसात बसून होते. जीसीपीची जानेवारी २०२५ ची नवी आवृत्तीही सरसकट प्रत्येक ओळ तपासण्यापेक्षा जोखीम जिथे आहे तिथे लक्ष द्या, असंच सांगते. एकसारख्या रक्तदाबांची रांग तर संगणक माझ्या आधी पकडेल. पण दुपारी जेवताना को-ऑर्डिनेटरला "त्या दिवशी एवढी घाई का झाली?" असं सहज विचारलं की जे बाहेर येतं, ते कुठल्याच स्क्रीनवर नसतं.

को-ऑर्डिनेटरच्या नोकरीसाठी साइट निवडताना मुलींनी दोन गोष्टी विचाराव्यात. एका को-ऑर्डिनेटरच्या गळ्यात किती चाचण्या आहेत? आणि संमती घ्यायला डॉक्टर स्वतः बसतात, की नुसती सही करायला येतात? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर पगार कितीही बरा असो, पुढच्या रुग्णालयाचा पत्ता शोधावा.