सुक्या उरीतचा हिशेब

रॉड्रिग्जच्या स्त्रिया ओहोटीला लगूनमध्ये उतरून सळईने उरीत टिपतात व काठीवर टांगून उन्हात सुकवितात. हे त्यांना शिकवावयास शिक्षक नको. शिकवावयाचा तो हिशेब. पाच किलो ओला माल सुकून एक किलो उरला, तर त्याचा भाव ओल्याच्या पाचपटीहून अधिक हवा; त्यात पिशवी, बोटीचे भाडे आणि स्वतःची मजुरी (ती तर कोणी धरीतच नाही!) आलीच पाहिजे. २०१२ साली उरीत पकडण्यावर हंगामी बंदी सुरू झाली. धंद्याचा पैसा घरखर्चात मिसळला नाही, तरच त्या महिन्यांसाठी काय शिल्लक टाकता येईल ते कळते. असे वर्ग गावातच, क्रेओलमधून आणि ओहोटीची वेळ टाळून भरवावेत, अशी आमची सूचना आहे.