तार लावली, पुढे काय?

शेतीच्या पानावर दातांचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण हल्ली गावोगावी शाळकरी पोरांच्या दातांना तार दिसते. गोष्ट चांगलीच आहे. वेडेवाकडे दात नीट घासता येत नाहीत, कीड लागते. पुढे आलेले दात पोर पडले की आधी मार खातात. अडचण वेगळीच आहे. घरचे पैसा उभा करतात, तार लावतात आणि पुढचे डॉक्टर बघतील म्हणून मोकळे होतात. माझे स्पष्ट मत आहे, तारेचे निम्मे काम दवाखान्यात होते आणि निम्मे घरात.

तार दाताला हिसका देत नाही. तिचा दाब बेताचा, पण सतत असतो. दाबाकडचे हाड हळूहळू झिजते, मागे नवे हाड भरते. याला साधारण दीड-दोन वर्षे लागतात आणि बहुधा दर चार ते सहा आठवड्यांनी दाखवावे लागते. इकडे सोयाबीनची काढणी आली, ऊसतोड लागली, की पहिली चुकते ती दवाखान्याची खेप. मग सुटलेले ब्रॅकेट तसेच राहते, काम लांबते आणि खर्चही वाढतो. पिकाची पाण्याची पाळी आपण चुकवत नाही, मग ही का चुकवायची?

तार असेपर्यंत दाताने ऊस सोलणे, फुटाणे, चिक्की, सुपारी बंद. कणसाचे दाणे सोडवून द्या, पेरूच्या फोडी करा, कडक भाकरी आमटीत कुस्करा. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश हवा. राखुंडीने बोट फिरवून तारेखालचे अन्न निघत नाही. तिथे आधी पांढरे डाग पडतात, मग कीड. तार टोचली तर घरची पक्कड लावू नका. डॉक्टरांनी दिलेले मेण लावा आणि दवाखाना गाठा. रबर दिले असेल तर सांगितले तेवढे तास लावा. काल राहिले म्हणून आज दोन लावले, असे चालत नाही.

काढता-घालता येणारी प्लेट असेल तर ती तोंडात नाही तर डबीत, तिसरी जागा नाही. कागदात गुंडाळलेली प्लेट केरात जाते. उकळत्या पाण्याने धुतली तर वाकडी होते. जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या प्लेटा वाढीच्या वयातच चांगल्या लागू पडतात. म्हणून मुलीचे दात लग्न जमवताना आठवू नका, पाचवी-सहावीतच दाखवून घ्या.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. तार निघाली, दात सरळ दिसले, की रिटेनर फडताळात जातो. नव्या कलमाची काठी लवकर सोडली तर वाऱ्याने ते कलते. दाताचेही तसेच. भोवतालचे हाड पक्के व्हायला वेळ लागतो, हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागी ओढतात. म्हणून आधी काही महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे डॉक्टर सांगतील तितकी वर्षे रात्री रिटेनर घालायचा. तो सोडला, तर दोन वर्षांचे कष्ट मातीत.

आता सरपंच आणि मुख्याध्यापकांना दोन शब्द. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक शाळेत आले की मुलांचे दातही बघायला सांगा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, ही माहिती पालकांपर्यंत जाऊ द्या. तारेच्या तारखेला पोर गैरहजर राहिले तर रागावू नका. वर्गात कुणी "तारवाला" म्हणून चिडवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. चिडवण्याला कंटाळून प्लेट दप्तरात लपवणारी पोरे असतात.

तार लावण्याआधी डॉक्टरांना खर्च विचारता, तसे किती खेपा आणि किती वर्षे हेही विचारा. तेवढे जमणार असेल तरच हात घाला. अर्धवट काम शेतात परवडत नाही, तोंडात तर नाहीच नाही.