तंबोरा कोठें गेला?

गेल्या महिन्यांत एका शनिवारीं आमच्या घरांत एक खटला चालला. आरोपी आमची बारा वर्षांची नात; फिर्यादी तिच्या गाण्याच्या बाई. बाई परगांवीं राहतात, म्हणून शिकवणी मोबाइलवरून होते. समोर चित्र दिसतें, आवाज ऐकूं येतो, तेव्हां अंतर काय तें मिटलें अशाच समजुतींत आम्ही होतों. त्या दिवशीं बाई त्रासून म्हणाल्या, "अगं, तीन आठवडे सांगतें आहे, तंबोऱ्यावांचून गायला बसूं नकोस. आधाराला षड्ज नाहीं, म्हणून गळा असा भटकतो."

तंबोरा लावलेला होता. नातीच्या शेजारीं बसून तिची आजीच तो छेडीत होती, आणि त्याचा नाद ओसरीवर आम्हांस स्वच्छ ऐकूं येत होता. नातीनें तसें सांगून पाहिलें. बाईंना तें पटलें नाहीं. पुढें त्यांनीं ठेका धरला, तर पोर दर खेपेस समेवर उशीरा. शेवटीं बाई म्हणाल्या, "कानच नसेल तर आपण थोडे दिवस थांबूं या." शिकवणी आटोपली. पोर माजघरांत जाऊन बसली व म्हणाली, "आजोबा, मला गाणं येतच नाहीं. उगाच कशाला पैसे घालवायचे?"

वाचकांपाशीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्हीही प्रथम पोरीसच दोष दिला. रियाज कमी पडतो, लक्ष खेळाकडे असतें, इत्यादि जें वडीलधाऱ्यांच्या जिभेवर तयारच असतें तें सर्व बोलून घेतलें. वास्तविक आम्हांस तरी हें बोलण्याचा अधिकार नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मागल्या बांकावर एक मुलगा बसे. प्रश्न विचारला कीं तो भलतेंच उत्तर देई. आम्हीं त्याला बेपर्वा ठरविलें, वर्गाबाहेर उभें केलें. वर्ष संपतां संपतां समजलें कीं त्याला एका कानानें ऐकूं येत नव्हतें. ज्ञान जाण्याची वाट बंद आहे कीं मूल मंद आहे, याची आधीं चौकशी करावी, एवढा धडा त्यानें आम्हांस दिला होता. तोच आम्ही विसरलों.

चौकशी केली ती थोरल्या नातवानें. तो अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला आहे. बहिणीच्या कानांतील बिनतारी इअरफोन हातांत घेऊन तो म्हणाला, "आजोबा, तंबोरा बाईंपर्यंत पोंचतच नाहीं. वाटेंत पुसला जातो." पुढें दोन संध्याकाळ आम्ही त्याचे विद्यार्थी झालों. जें समजलें तें येथें देतों, कारण आज बहुतेक घरांतून मुलें असेंच कांहींतरी कानांत घालून शिकत असतात.

शब्द कानापर्यंत कसा येतो, याचा खल आमच्या नैयायिकांनीं फार पूर्वीं केला आहे. पाण्यावरील लाटांप्रमाणें एकीमागून एक येतो, कीं कदंबाच्या कळीप्रमाणें एकदम चोहोंकडे पसरतो, असे दोन पक्ष त्यांनीं मांडले. आजच्या यंत्राची तऱ्हा निराळी. तें शब्द पाठवीत नाहीं, शब्दाचें मोजमाप पाठवितें. आणि त्या आंकड्यांवरून पलीकडचें यंत्र नवा शब्द घडवितें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडींत हें माप दर सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. प्रत्येक माप १६ बिटांचें, आणि डावा व उजवा असे दोन हिशेब. गुणाकार केला तर सेकंदास १४,११,२०० बिट होतात.

ब्ल्यूटूथ नांवाच्या बिनतारी वाटेनें इतका बोजा सहसा नेत नाहींत. एरिक्सन या स्वीडिश कंपनींत १९९४ सालीं या कल्पनेवर काम सुरू झालें, आणि दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनांवावरून तिला हें नांव मिळालें. तारेची कटकट टाळणें हा तिचा मूळ हेतु. उत्तम संगीत नेणें हें काम मागाहून तिच्या गळ्यांत पडलें. म्हणून मोजमापाची गांठोडी आवळून बांधावी लागते. ही बांधण्याची व सोडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. संगीत नेणाऱ्या सर्व ब्ल्यूटूथ यंत्रांस सक्तीचा असा कोडेक एसबीसी. त्याची नेहमीची वरची मर्यादा सेकंदास सुमारें ३,२८,००० बिट, म्हणजे सीडीच्या चौथाईहूनही कमी. सोनी कंपनीचा एलडॅक ९,९०,००० पर्यंत जातो, पण वाट बिकट झाली कीं ३,३०,००० वर उतरतो. ॲपलच्या फोनांत एएसी असतो. २०२० सालीं पुढें आलेला एलसी३ थोडक्या बिटांत अधिक चांगलें काम करतो.

इतकें टाकून दिल्यावर संगीत उरतें कसें? पंगतींत वाढपी मोठ्यानें "भात, भात" म्हणत जवळून गेला कीं शेजाऱ्याचें पुटपुटणें आपल्याला ऐकूं येत नाहीं. मोठा स्वर आपल्या आसपासच्या लहान स्वरांस झांकून टाकतो. जें झांकलेलें आहे तें नेमकें मोजण्यांत बिट कां खर्चावे, या हिशेबावर एएसीसारखे कोडेक चालतात. हिशेब नीट बसला तर कानाला उणीव भासत नाहीं.

परंतु हा सर्व विचार केवळ ऐकण्याच्या वाटेचा झाला. आमच्या नातीचें दुखणें निराळेंच होतें. बिनतारी इअरफोनांतील बोलण्याचा माइक चालू झाला, कीं बहुतेक यंत्रें संगीताची वाट सोडून टेलिफोनची वाट धरतात. तेथें जुन्या पद्धतींत सेकंदास ८,००० मापें, सुधारलेल्या पद्धतींत १६,०००. शास्त्र असें कीं मापें जितकीं, त्याच्या निम्म्यापर्यंतचींच कंपनें उरतात. म्हणजे ४,००० किंवा ८,०००. तरुण कान २०,००० पर्यंत ऐकतो. तंबोऱ्याच्या जवारींतून उठणारे सूक्ष्म स्वर येथेंच कापले गेले. शिवाय बोलणें स्पष्ट यावें म्हणून यंत्र एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतें. पंखा एकसारखा फिरतो, आणि तंबोराही एकसारखा वाजतो. यंत्राला दोहोंतील भेद कोण शिकविणार? त्यानें आमच्या आजीबाईंचा तंबोरा पंख्याच्या पंगतीला बसविला!

उशीराचें कोडेंही असेंच सुटलें. गांठोडी बांधण्या-सोडण्यांत बिनतारी इअरफोन सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा खातो. फोनच्या जाळ्यांतील विलंब त्याहून वेगळा. द्रुत लयींत मिनिटास २४० मात्रा धरल्या, तर पाव सेकंद म्हणजे सबंध एक मात्रा. बाईंचा ठेका नातीकडे उशीरा येई, तिचें गाणें बाईंकडे आणखी उशीरा जाई. सम चुकली नव्हती. सम वाटेंत होती.

आतां नातवाचीही एक गोष्ट सांगणें न्याय्य होईल. त्यानें आपल्या हेडफोनसाठीं चांदीचा मुलामा दिलेली महाग वायर घेतली होती व तिनें आवाज "खुलतो" असें तो म्हणे. आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. चांदी तांब्याहून अधिक सुलभपणें वीज नेते हें खरें, परंतु अधिक म्हणजे शेंकडा सुमारें सहा. हातभर लांब वायरीचा एकूण विरोध अर्धा ओहम धरला आणि हेडफोनचा ३२ ओहम, तर वायर अजिबात विरोध करीत नाहीं असें मानूनही आवाजांत डेसिबलच्या सातव्या हिस्स्याएवढाही फरक पडत नाहीं. मग परीक्षा घेतली. नातवाचे डोळे बांधले, कोणती वायर लावायची तें नाणें उडवून ठरविलें, असें वीस वेळां. अकरा उत्तरें बरोबर आलीं. नुसत्या अंदाजानेंही दहा येतात. तो मोकळ्या मनानें हंसला. वायरीचे खरे दोष म्हणजे टोंकाशीं तुटणें आणि कपड्यावर घांसून कानांत खरखर करणें. ते मात्र विकत घेतांना अवश्य पाहावे.

त्याच बैठकींत दुसरी परीक्षा झाली. फोनमध्यें कोडेक बदलण्याची सोय असते. एकच टाळांचें वादन, एकच हेडफोन, आवाजाची पातळी सारखी. एकदां एसबीसी, एकदां एलडॅक. आमचीं उत्तरें वीसांत नऊ; वयाबरोबर कान वरचीं कंपनें सोडून देतो, त्यामुळें आम्हांस आश्चर्य वाटलें नाहीं. नातवाचीं बारा. मग नात पुढें आली. तिचीं सोळा बरोबर आलीं. टाळाच्या आघाताची धार एकींत बोथट लागते, असें तिनें कारणही सांगितलें. जिला कान नाहीं म्हणून शिकवणी थांबणार होती, तिचाच कान घरांत सर्वांत तीक्ष्ण निघाला. पोरीच्या तोंडावर जें हंसूं आलें तें पाहून आम्ही मनांत खजील झालों.

पुढल्या शनिवारीं शेंदोनशें रुपयांचा तारेचा साधा इअरफोन आणला. फोनचा स्वतःचा माइक हातभर अंतरावर ठेवला. गोंगाट पुसण्याची जी कळ असते ती बंद केली. फोनच्या जाळ्यांतला विलंब तारेनेंही जात नाहीं, म्हणून बाईंना आधीं पत्र लिहून विनंति केली, कीं ठेका आपण धरूं नये. तो आमच्याच घरीं वाजूं द्यावा, म्हणजे गाणें व ठेका दोन्ही जोडीनें आपल्याकडे येतील. बाईंनीं तें मानलें. षड्ज लागला, आणि क्षणभर थांबून बाई म्हणाल्या, "नवा तंबोरा आणलात वाटतं? जवारी फार गोड आहे." आजीबाईंनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, तंबोरा छेडणेंही थांबविलें नाहीं. शिकवणी पाऊण तास ठरलेली असतां सव्वा तास चालली. बाईंच्या आणखी दोन विद्यार्थिनींची हीच तक्रार होती असें मागाहून कळलें; त्यांनाही बाईंनीं तारेचे इअरफोन घ्यावयास सांगितलें आहे.

आतां दोन व्यवहाराच्या गोष्टी. केवळ संगीत ऐकण्यास बिनतारी यंत्र बहुतेकांना पुरेसें आहे. गाणें किंवा वाद्य शिकतांना मात्र तारच बरी. ज्या फोनास जुनें गोल भोंक नसतें, त्यास लहानशी जोडवायर मिळते. पैसा खर्चावयाचा तर वायरीच्या मुलाम्यावर न खर्चतां कानांत नीट बसणाऱ्या इअरफोनवर खर्चावा; तो सैल बसला तर खर्ज गळून जातो. आणि आवाज हळू ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसांस ८० डेसिबल आठवड्यास ४० तास, व मुलांस ७५ डेसिबल तितकाच वेळ, अशी मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलांस हा वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलांवर मोठ्यांस आठवड्याचे पांचच तास उरतात. कोडेक बदलतां येतो, वायर बदलतां येते. कानाचें तसें नाहीं.

आमच्या घरीं आतां एक नियम झाला आहे. दूरच्या शिकवणींत मुलाचें चुकतें आहे अशी तक्रार आली, कीं शिक्षकांकडे तें कसें ऐकूं जातें हें आधीं तपासावयाचें, आणि मग बोलावयाचें. हा नियम नातीनें सुचविला व आजीबाईंनीं मंजूर केला. आम्हीं त्याखालीं निमूटपणें सही केली.