गोळ्यांची यादी कोणाकडे आहे?



वृद्ध रुग्णाला औषध बाधणार का, हे आधीच सांगणारी संगणकीय मॉडेल्स हा सध्या आमच्या क्षेत्रातला आवडता विषय आहे. त्यात मलाही रस आहे. पण आजवरचे पुरावे पाहता आधी काही साध्या गोष्टींवर बोलायला हवे, असे माझे मत आहे.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांना औषधांच्या दुष्परिणामांमुळे वर्षाला सुमारे एक लाख वेळा तातडीने इस्पितळात दाखल करावे लागते, असा अंदाज २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली दोन तृतीयांश प्रकरणे चारच प्रकारच्या औषधांची होती: वॉरफरिन, इन्सुलिन, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. म्हणजे दोषी कुठले दुर्मिळ औषध नव्हते. ही तर आपल्या घरोघरची औषधे.

मग धोका कोणाला, हे ओळखता येते का? २०१० साली युरोपात 'जेरोंटोनेट' नावाची गुणपद्धती मांडली गेली. तिच्यात सर्वाधिक वजन होते रोजच्या औषधांच्या संख्येला, आणि त्याखालोखाल पूर्वी एखादे औषध बाधले होते का, याला. औषध बाधणारा एक रुग्ण आणि न बाधणारा एक अशी जोडी समोर ठेवली, तर ही पद्धती शंभरात सुमारे सत्तर वेळा बरोबर ओळखते. नाणे उडवले तरी पन्नास वेळा जमतेच! पुढे चार युरोपीय देशांतल्या सुमारे दोन हजार वृद्ध रुग्णांवर 'ओपेराम' ही चाचणी झाली. सॉफ्टवेअरच्या मदतीने औषधांची फेरतपासणी केल्यावर अयोग्य औषधे कमी झाली, पण औषधांमुळे इस्पितळात जाण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही (२०२१).

याचा अर्थ मॉडेल निरुपयोगी, असा नाही. पण कोणतेही मॉडेल औषधांची खरी यादी मागते, आणि नेमकी तीच कोणाकडे नसते. आपल्या आईवडिलांचेच पाहा. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, गुडघ्यांचे वेगळे. शिवाय कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिलेली डायक्लोफेनॅक. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी, असे त्रिकूट जमले की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वयाबरोबर स्नायू घटतात, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले असूनही क्रिएटिनिनचा रिपोर्ट 'नॉर्मल' दिसू शकतो. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, त्या सुजेवर नवी गोळी येते. गोळी सुरू करणारे चौघे, बंद करण्याची जबाबदारी मात्र एकाचीही नाही. आणि परदेशातून आपण फोनवर काय सांगतो? "आणखी एक स्पेशालिस्ट दाखवा."

त्याऐवजी तीन गोष्टी करता येतील. सगळ्या औषधांची, आयुर्वेदिक आणि केमिस्टकडच्या गोळ्यांसकट, एकपानी यादी करा. पूर्वी काय बाधले तेही लिहा. एकाच फॅमिली डॉक्टरांना ती संपूर्ण तपासायला सांगा, वयानुसार मूत्रपिंडाची क्षमता काढायला सांगा. फोनवरून परस्पर गोळी मात्र बंद करू नका. आणि काही बाधलेच, तर नोंद करा. भारतात २०१० पासून औषध-दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात रुग्णही तक्रार नोंदवू शकतात.

ही शेवटची गोष्ट केवळ आपल्या घरापुरती नाही. ज्यांची मुले परदेशात नाहीत, ज्यांचा केमिस्ट हाच डॉक्टर, त्यांचे दुष्परिणाम कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत. ज्या वृद्धांची नोंदच नाही, त्यांचे भाकीत उद्याचे मॉडेल कशाच्या आधारावर करणार?