रात्रीचे पाणी आणि बॅटरीचे बक्षीस

मी कला शाखेची विद्यार्थिनी. वीज साठवण्याच्या प्रश्नावर मी काय लिहिणार, असे माझ्या सायन्सच्या मैत्रिणीने हसत विचारले. तिचे हसणे रास्त आहे. पण मित्रहो, ज्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्या घरात विजेचे वेळापत्रक मात्र सर्वांना तोंडपाठ असते.

पारोळा तालुक्यात आमची तीन एकर शेती आहे. गहू-हरभऱ्याला पाणी भरायचे दिवस आले की पंपाला एका आठवड्यात दिवसा वीज, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री, अशी पाळी असते. रात्रपाळीत आबा घोंगडी पांघरून बसल्या बसल्या डुलक्या घेतात. शेजारच्या मळ्यातून कोणी 'लाईट उनी!' अशी आरोळी ठोकली की उठायचे, पायात बूट घालायचे आणि निघायचे. बॅटरी धरायला मी सोबत जाते. दोन वर्षांपूर्वी पाटाच्या कडेने आबांच्या पायाला घासून साप गेला. आबांनी पाय हलवला नाही. साप गेल्यावर त्यांनी फावडे उचलले व पुढचा वाफा फोडला. मला मात्र त्या रात्री घरी येईपर्यंत शब्द फुटला नाही.

आता गंमत पाहा. धुळ्याहून साक्रीकडे जाल तर ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. ऊन आमचे, वारा आमचा. पण दिवस मावळला की सौर पत्रे झोपतात आणि वारा काही आपल्या सोयीने वाहत नाही. मग रात्रीसाठी भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या केंद्रांतला कोळसाच जळायला हवा. धान्य कणगीत भरून ठेवता येते, वीज ठेवता येत नाही, हे सारे दुखणे आहे.

बॅटरी आहे की, असे कोणी म्हणेल. माझ्या त्याच मैत्रिणीला मी हिशेब मांडायला लावले. पाच हॉर्सपॉवरचा पंप आठ तास चालला तर ढोबळमानाने ३० युनिट वीज लागते. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण उपसली तरी जेमतेम १.८ युनिट देते. म्हणजे एका रात्रीसाठी सतरा बॅटऱ्या. आणि शिशाची बॅटरी अशी तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरते, म्हणून खरे तर त्याच्या दुप्पट. शिवाय आमचा मे महिना! पारा ४५ अंशांवर गेला की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. आमच्या घरची हप्त्याने घेतलेली बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात गेली. हप्ते मात्र पुढे चार महिने चालू होते.

मग सरकारने असा शोध लावणाऱ्याला मोठे बक्षीस का लावू नये? कल्पना नवी नाही. समुद्रावर जहाजाचे रेखांश कसे काढावेत, यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते. मोठमोठे ज्योतिषी आकाशाकडे पाहत बसले आणि उत्तर काढले जॉन हॅरिसन नावाच्या, सुतारकामातून घड्याळाकडे वळलेल्या माणसाने. बक्षिसाची मला आवडणारी बाब हीच. ते पदवी विचारत नाही, वस्तू चालते का एवढेच विचारते. अर्थात परीक्षकांनी हॅरिसनला इतके रखडवले की शेवटची रक्कम हाती आली तेव्हा, १७७३ साली, तो ऐंशी वर्षांचा झाला होता. बॅटरीपुरते बोलायचे तर अमेरिकेत २००८ च्या निवडणुकीत जॉन मॅकेन यांनी मोटारीच्या बॅटरीसाठी ३० कोटी डॉलरच्या बक्षिसाची कल्पना मांडली होती. ते निवडणूक हरले आणि विषय मागे पडला.

आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने प्रगत बॅटऱ्यांच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची योजना आणली, तर २०२३ साली बॅटरी-साठवण प्रकल्पांना भांडवली मदत देण्याची. चांगलेच आहे. पण ही मदत कारखानदाराची आहे. जो कोणी गावच्या वर्कशॉपमध्ये मोटारी गुंडाळता गुंडाळता काही नवे करून बसला असेल, त्याला या दारातून प्रवेश नाही.

आणि बक्षीस लावायचेच तर ते कसे लावू नये, याचा धडा आपल्याच देशात आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात: किंमत १५० रुपयांच्या आत, झोपडीत मावेल असा, बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता येईल असा. आपल्या किर्लोस्करवाडीतूनही प्रयत्न झाला. पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. मुदत जेमतेम सव्वा वर्षाची होती. हॅरिसनचे काम तर चाळीस वर्षांहून अधिक चालले होते. घाईत चरखा होत नाही, तर बॅटरी कशी होणार?

म्हणून माझे म्हणणे असे की बक्षीस लावा, पण मुदत लांब ठेवा आणि मधल्या टप्प्यांवर थोडी थोडी रक्कम देत चला. नाहीतर गरीब संशोधक घर गहाण टाकील आणि हरेल. परीक्षा दिल्लीच्या वातानुकूलित खोलीत नको, मे महिन्यात जळगावला पत्र्याच्या शेडमध्ये घ्या. दुरुस्ती तालुक्याच्या मेकॅनिकला जमली पाहिजे. आणि 'बॅटरी' हा शब्दच अटींत घालू नका, 'साठवण' म्हणा. घाटघरला पाणी वर चढवून २५० मेगावॅटचा प्रकल्प चालतोच ना? तेच मळ्यातल्या टाकीत का होऊ नये, असे मला वाटले होते. पण मैत्रिणीने सांगितले, एक युनिट वीज साठवायला ३६ हजार लिटरहून जास्त पाणी दहा मीटर उंच न्यावे लागते. तेवढी टाकी आमच्या तीन एकरांत कोण बांधणार? माझी कल्पना तिथेच बुडाली.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्य सरकारची सौर कृषी वाहिनी योजना आहे, मग हा खटाटोप कशाला, असे आमचे अर्थशास्त्राचे सर म्हणाले. सर, दिवसाची वीज आली तर आबा रात्री झोपतील. मला याहून दुसरे काही नको. पण संध्याकाळची पिठाची गिरणी, धुळ्याचे रात्रपाळीचे माग आणि श्रावणातले आठ-आठ दिवसांचे ढग यांचे काय?

हे लिहिते आहे तो आठवडा आमच्या रात्रपाळीचा आहे. साडेनऊ वाजले आहेत. आबांनी बूट दाराशी आणून ठेवले आहेत.